गोदाम पेटल्यावर जवान आत का शिरत नाहीत?

आपण लिहिले आहे की आपल्या सोसायटीच्या मागे असलेल्या, कपडा आणि प्लॅस्टिकचा माल भरलेल्या गोदामाला रात्री आग लागली. पहिला बंब आल्यावर जवान आत शिरले नाहीत, बाहेरूनच पाणी मारत राहिले. त्यातले बरेचसे पाणी त्यांनी शेजारच्या, अजून न पेटलेल्या शेडच्या भिंतीवर मारले. मध्येच पाणी संपले आणि काही मिनिटे फवारे बंद पडले, शिवाय दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ढिगाऱ्यातून धूर येतच होता. हा सारा गोंधळ होता की त्यामागे काही पद्धत होती, असे आपण विचारता.

मी पुणे परिसरातल्या अग्निशमन सेवेत फायरमन म्हणून भरती झालो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. गोदामांच्या आगी मी जवळून पाहिल्या आहेत. आपण पाहिलेल्या आगीच्या ठिकाणी मी नव्हतो, त्यामुळे त्या रात्रीचा प्रत्येक निर्णय योग्यच होता असा दाखला मी देऊ शकत नाही. मात्र आपल्याला खटकलेल्या चारही गोष्टी बहुतेक मोठ्या गोदामांच्या आगीत घडतात आणि त्यांचे मूळ एकच आहे. संपूर्ण आग विझवायला पुरेल इतके पाणी सुरुवातीला कोणाकडेच नसते. म्हणून घटनास्थळी पोहोचलेल्या अधिकाऱ्याला आधी हे ठरवावे लागते की काय वाचवता येईल आणि काय हातचे गेले आहे. पुढचे सारे काम या एका निर्णयावर चालते.

हा निर्णय परिस्थितीप्रमाणे बदलतो. आत माणसे आहेत का, माल कोणता आणि किती उंच रचलेला आहे, छत कशाचे आहे, वर्दी (आगीची खबर) मिळण्याआधी आग किती वेळ आतल्या आत वाढली आहे, रस्ता किती रुंद आहे आणि पाणी किती लांबून आणायचे आहे, यांतली एक बाब बदलली तरी उत्तर बदलते. सिमेंटच्या गोण्या ठेवलेले गोदाम आणि फोमच्या गाद्या ठेवलेले गोदाम बाहेरून एकसारखेच दिसते. आगीच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो.

घराच्या आगीपेक्षा गोदामाची आग कुठे वेगळी पडते, हे आधी सांगतो. घरात सामान खोल्यांमध्ये विभागलेले असते आणि मधल्या भिंती आगीला थोडा वेळ अडवून धरतात. गोदामात तीस-चाळीस मीटर लांबीचा एकच अखंड दालनासारखा भाग असतो, माल पाच-सहा मीटर उंच रचलेला असतो आणि दोन थप्प्यांमध्ये अरुंद उभी फट असते. आग या फटीतून वर चढते आणि प्रत्येक थर खालच्या थराच्या ज्वाळेने तापलेला असल्यामुळे वर जाताना तिचा वेग वाढत जातो. मग ती पत्र्याखाली पसरून चारही बाजूंच्या मालावर वरून उष्णता टाकू लागते. कागद, लाकूड किंवा सुती कापड यांच्या एका किलोच्या ज्वलनातून साधारण १६ ते १८ मेगाज्यूल उष्णता निघते, तर पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिनसारख्या प्लॅस्टिकच्या एका किलोतून ४० मेगाज्यूलच्या वर. याउलट एक लिटर पाणी पूर्ण वाफ होईपर्यंत सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता शोषते, आणि तेही प्रत्येक थेंब जळत्या पृष्ठभागावर पडला तर. प्रत्यक्षात पत्र्यावरून घरंगळून जाणारे आणि थप्पीच्या बाहेरच्या अंगाला लागून जमिनीवर सांडणारे पाणी वजा करावे लागते.

वर्दी मिळते तेव्हा नियंत्रण कक्षातला माणूस फोन करणाऱ्याला चार-पाच प्रश्न विचारतो. काय जळते आहे, आत कोणी आहे का, शेजारी काय आहे, जवळची खूण कोणती, हे विचारले जात असताना अनेकांना वाटते की वेळ वाया चालला आहे. पण ‘गोदाम’ हा शब्द ऐकताच जवळच्या केंद्राच्या बंबाबरोबर पाण्याचे टँकर आणि दुसऱ्या केंद्रांच्या गाड्याही एकदमच निघायला हव्यात, कारण आग पाहून नंतर मागवलेली मदत नेहमी उशिरा पोहोचते. शहराच्या कडेला आग असली तर पुणे महापालिकेच्या दलाबरोबर पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), पिंपरी-चिंचवड, कॅन्टोन्मेंट आणि जवळच्या एमआयडीसीचीही मदत घेतली जाते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पालिकेत आली. त्यांतली कितीतरी गोदामे त्याआधीची, ग्रामपंचायतीच्या काळातली आहेत. तिथे दोन शेडच्या मध्ये बंब जाईल एवढीही जागा सोडलेली नसते, आणि ही वस्तुस्थिती आगीच्या रात्री बदलता येत नाही.

पोहोचल्यावर अधिकारी लगेच होज ओढायला लावत नाही, हे पाहून लोक चिडतात. जवान होज अंथरत असताना त्याने शक्य तितकी चारही बाजूंनी फेरी मारायची असते, कारण पुढच्या बाजूने दिसणारी आग आणि मागच्या बाजूची आग यांत फार फरक असू शकतो. धुराचा रंग, त्याचा वेग आणि तो कुठून बाहेर पडतो, हे तो पाहतो. शटरच्या फटीतून धूर बाहेर येऊन पुन्हा आत ओढला जात असेल, जणू इमारत श्वास घेते आहे, तर आत हवा संपत आली आहे आणि तापलेला वायू साठून राहिला आहे, असा त्याचा अर्थ होतो. त्या क्षणी कोणी उत्साहाने शटर वर ओढले तर बाहेरची हवा आत शिरते आणि दारातूनच भडका उडतो. लोखंडी शटरवर पाण्याची एक धार फिरवून ती कोणत्या उंचीवर चटकन वाळते, हे आम्ही पाहतो. त्यावरून आतला तापलेला थर किती खाली उतरला आहे, याचा अंदाज येतो.

या फेरीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माणसांचा असतो. पुण्याच्या गोदामांमध्ये आणि मोठ्या दुकानांमध्ये कामगार रात्री आतच झोपतात. कधी पोटमाळ्यावर, कधी मालाच्या मागे पत्र्याची खोली करून ते राहतात, आणि चोरीच्या भीतीने बाहेरून कुलूप लावलेले असते. ९ मे २०१९ च्या पहाटे उरुळी देवाची येथील साड्यांच्या दुकानाला आग लागली तेव्हा आत झोपलेले पाच कामगार दगावले. दाराला बाहेरून कुलूप होते. म्हणून ‘आत कोणी नाही’ हे मालकाचे शब्द अधिकारी ऐकून घेतो, पण त्यावर विसंबत नाही. शेजारच्या चहावाल्याला विचारतो, हमालांना विचारतो, दाराशी चपला किंवा सायकली दिसतात का तेही पाहतो. शहराबाहेरच्या एका गोदामाच्या आगीत मालक दोन तास बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हता. रखवालदाराने मात्र काठीने ओल्या मातीत आतला नकाशा आखून दिला. थप्प्या कुठे, मधली वाट कुठे, स्वयंपाकाचा सिलिंडर कुठे आणि वरच्या माळ्याचा जिना कुठे, हे त्याने दाखवले, आणि नंतर ज्या बाजूची भिंत फोडायची होती ती त्याच रेघांवरून ठरली. त्या रात्री त्याच्याइतका उपयोगी माणूस तिथे दुसरा नव्हता.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे जवान आत का गेले नाहीत, याकडे येतो. आत जिवंत माणूस असण्याची शक्यता असेल आणि तिथवर पोहोचता येईल असे दिसत असेल, तर जवान जातात. त्यासाठीच ते नोकरीत आले आहेत. आग लहान असेल, एका कोपऱ्यात असेल आणि छत सुरक्षित असेल, तर मालासाठीही ते आत जातात, कारण आगीच्या बुडाशी जाऊन मारलेले थोडे पाणी बाहेरून मारलेल्या पुष्कळ पाण्यापेक्षा उपयोगी पडते. पण आगीने छत गाठले असेल आणि आत कोणी नसेल, तर कपड्याच्या गठ्ठ्यांसाठी कोणाचाही जीव पणाला लावता येत नाही. मालाचे नुकसान भरून निघते. याबद्दल आमच्या सेवेत दुमत नाही.

गोदामाचे छत हे यातले मुख्य कारण आहे. पत्र्याच्या शेडला छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाडे, असतात आणि लोखंड जळत नाही म्हणून ते सुरक्षित आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला बांधकामाच्या पोलादाची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, आणि भडकलेल्या गोदामात छताखाली एवढे तापमान सहज गाठले जाते. उघडी, हलकी कैची त्यात थोड्याच मिनिटांत वाकू लागते. मोडण्याआधी पोलाद फुगते, हा दुसरा धोका. वीस मीटर लांबीची तुळई ५०० अंशांनी तापली तर सुमारे १२ सेंटिमीटरने वाढते, आणि ती वाढ जिरवायला जागा नसल्याने टोकाच्या विटांच्या भिंतीला बाहेर ढकलते. म्हणून आग लागलेल्या गोदामाची भिंत बाहेरच्या बाजूला कोसळण्याची भीती असते आणि भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतर आम्ही मोकळे ठेवतो. बंबही तिथे उभा करायचा नसतो, शक्यतो इमारतीच्या कोपऱ्याच्या दिशेने लावायचा असतो. आपल्याला जवान लांब उभे राहिलेले दिसले, ते बहुधा हे अंतर राखत असावेत.

दुसरे कारण श्वासाचे आहे. पाठीवरच्या बीए सेटचा (श्वसनयंत्राचा) सिलिंडर सहा लिटरचा आणि ३०० बार दाबाने भरलेला असेल तर त्यात सुमारे १८०० लिटर हवा मावते. शांत बसलेल्या माणसाला ती पुष्कळ वेळ पुरते. पण जड होज ओढणाऱ्या, उष्णतेत घामाघूम झालेल्या जवानाला मिनिटाला ५० लिटर किंवा त्याहून अधिक हवा लागते. म्हणजे हातात पस्तीस मिनिटे, आणि त्यातली काही राखीव ठेवायची. आत जायला दहा मिनिटे लागली तर बाहेर यायलाही तितकीच लागणार, शिवाय धुरात हाताने चाचपडत, थप्पी कोसळून वाट बंद झालेली असण्याची शक्यता धरून. हा हिशोब मांडला की साठ मीटर खोल गोदामाच्या दुसऱ्या टोकाला प्रत्यक्ष काम करायला किती मिनिटे उरतात, हे आपल्या लक्षात येईल.

पाण्याचा हिशोब मात्र विस्ताराने सांगायला हवा, कारण ‘बंब आला आणि पाणी संपले’ ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे. साधारण बंबात साडेचार-पाच हजार लिटर पाणी असते. मोठ्या आगीवर उपयोगी पडणारा मॉनिटर, म्हणजे गाडीवर किंवा जमिनीवर बसवलेली मोठी तोफ, मिनिटाला दोन हजार लिटर पाणी फेकतो असे धरले, तर तो बंब अडीच मिनिटांत रिकामा होतो. हातातल्या होजने पाणी जपून वापरले तर ते दहा-बारा मिनिटे पुरेल, पण भडकलेल्या गोदामाला तेवढी धार पुरेशी नसते. बंब हे मुख्यतः पाणी पुढे ढकलणारे यंत्र आहे. त्याच्या टाकीतले पाणी पहिल्या काही मिनिटांपुरते असते, आणि मागून पाण्याची साखळी लागल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही.

ही साखळी बहुतेक वेळा टँकरचीच असते, कारण शहराच्या कडेच्या भागात रस्त्यावरच्या हायड्रंटवर, म्हणजे बंबाला पाणी घेण्यासाठी नळवाहिनीवर बसवलेल्या तोटीवर, भिस्त ठेवता येत नाही. आपल्याकडे सोसायट्यांना पाणी पुरवणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. तो भरायला, आगीपर्यंत यायला, रिकामा व्हायला आणि परत भरणा केंद्रावर जायला मिळून चाळीस मिनिटे लागली, तर त्या एका टँकरने मिनिटाला सरासरी २५० लिटरच पाणी दिले. आगीवर सतत तीन हजार लिटर प्रति मिनिट मारायचे असतील, तर असे बारा टँकर न थांबता फिरत राहायला हवेत. त्यात सासवड रस्त्यावर किंवा कात्रज-कोंढवा रस्त्यावर वाहतूक अडली आणि फेरी साठ मिनिटांची झाली, तर अठरा टँकर लागतील. पाणी संपल्याने फवारे थांबले असे आपण पाहिले, तेव्हा बहुधा या फेरीतला एखादा दुवा तुटला होता. अनेकदा तो दुवा एवढाच असतो की भरलेला टँकर गल्लीच्या तोंडाशी आला आहे, पण बघ्यांच्या दुचाकी आणि रिकामा होऊन परत निघालेला टँकर समोरासमोर अडकले आहेत. म्हणून जाणता अधिकारी एका जवानाला फक्त टँकर आत-बाहेर करण्याच्या कामावर ठेवतो आणि पोलिसांकडे पहिली मागणी रस्ता एकेरी करण्याची करतो. जवळ विहीर किंवा शेततळे असेल तर पोर्टेबल पंपाने ते वापरतात. हडपसर-लोणी काळभोर पट्ट्यात मुठा उजवा कालवा वाहता असेल तर तोही उपयोगी पडतो. मात्र पंप वरून खाली सुमारे सात मीटरपर्यंतचेच पाणी ओढू शकतो, त्यामुळे उन्हाळ्यातली खोल गेलेली विहीर समोर असूनही तिचा उपयोग होत नाही.

इथवरचे समजले की शेजारच्या शेडवर पाणी का मारले, हे वेगळे सांगावे लागत नाही, तरी तेही नीट सांगतो. पाणी मोजके आहे, जळते गोदाम पूर्ण पेटलेले आहे आणि पाच-सहा मीटरवर दुसरे गोदाम उभे आहे. मोठ्या ज्वाळेची उष्णता प्रकाशासारखी थेट समोरच्या भिंतीवर पडते. मध्ये वारा नसला तरी पडते. त्या भिंतीचा रंग फुगून पापुद्रे सुटू लागले, प्लॅस्टिकची खिडकी किंवा पन्हाळ लोंबकळू लागली, की ती शेडही थोड्याच वेळात पेटणार, हे आम्ही जाणतो. अशा वेळी उरलेले चार-पाच हजार लिटर जळत्या गोदामात टाकले तर आगीला काही फरक पडणार नाही. तेच त्या भिंतीवर टाकले तर एक पूर्ण गोदाम आणि कदाचित त्यामागची आपली सोसायटी वाचते. पाणी नेमके भिंतीवर पडले पाहिजे, हेही सांगतो. दोन इमारतींच्या मध्ये हवेत पाण्याचा पडदा उभा केला की दिसायला छान दिसते, पण उष्णतेचा बराच भाग त्यातून पलीकडे जातो. भिंत सतत ओली ठेवणे अधिक खात्रीचे असते आणि त्याला पाणीही कमी लागते. आपल्या सोसायटीत त्या रात्री खिडक्या बंद करायला, पडदे काढायला आणि गॅलरीतले वाळत घातलेले कपडे आत घ्यायला कोणी सांगितले असेल, तर त्याचेही कारण हेच होते.

सिलिंडर आणि रसायने यांचा विषय यात मिसळला की सारे अंतर वाढवावे लागते. मे २०२३ मध्ये वाघोलीत उबाळेनगर येथे मंडप-सजावटीच्या साहित्याच्या गोदामाला आग लागली, तीत तीन कामगारांचा मृत्यू झाला आणि गॅस सिलिंडरचे स्फोटही झाले. आगीत सापडलेल्या एलपीजी सिलिंडरचा आतल्या द्रवाच्या वरचा भाग लवकर तापतो, तिथले पोलाद मऊ पडते आणि आतला वाढलेला दाब ते फाडून बाहेर येतो. म्हणून आडोशाला राहून, लांबून, सिलिंडरच्या वरच्या भागावर पाणी मारत राहायचे असते. गळणाऱ्या गॅसला लागलेली ज्वाळा, व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर, विझवायची नसते. विझवली तर गॅस साठत राहतो आणि मग एकदम पेटतो. वेल्डिंगचा ॲसिटिलीन सिलिंडर तर आग विझल्यावरही आतून तापत राहू शकतो, म्हणून तो बराच काळ पाण्याखाली ठेवून त्यावर लक्ष ठेवावे लागते. कॅल्शियम कार्बाइडच्या पिंपांवर पाणी पडले तर तिथेच ॲसिटिलीन तयार होतो. सॅनिटायझर किंवा स्पिरिटची ज्वाळा उजेडात दिसतही नाही, आणि तिथे आग विझवायच्या साध्या फोमऐवजी (फेसाऐवजी) अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो. गोदामात काय आहे हे मालकाने खरे सांगणे यासाठी निर्णायक ठरते. विम्याच्या किंवा परवान्याच्या भीतीने एखादा मालक गप्प बसला, तर त्याच्या गप्प बसण्याची किंमत जवान मोजतात. विजेबद्दल एवढेच सांगतो की महावितरणने पुरवठा तोडल्यावरही छतावरच्या सौर पॅनेलमध्ये दिवसा वीज असते, हे आता नव्याने लक्षात ठेवावे लागते.

पत्र्याचे छत जागेवर असेपर्यंत बाहेरून मारलेले पाणी पावसासारखे ओघळून जाते, हे आपणही पाहिले असेल. छत मध्यभागी खचले की वरून मारलेले पाणी आत पोहोचते. उंच शिडीची गाडी असेल तर तिच्यावरून तेव्हा काम सुरू होते. तोवर खिडक्यांमधून, शटर कापून किंवा जेसीबीने भिंतीला ठरावीक जागी भगदाड पाडून आत धार न्यावी लागते. हे भगदाड जळत्या भागाच्या ऐन समोर पाडायचे की अजून न जळलेल्या बाजूने, यावर आग कोणत्या दिशेने ढकलली जाईल हे अवलंबून असते. शक्य तेव्हा न जळलेल्या बाजूने आत धार लावून आग आधीच जळून गेलेल्या भागाकडे रेटायची, ही पद्धत आहे. घाईत समोरच्या बाजूने पाणी मारले तर आग उरलेल्या मालाकडे सरकते. आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही, ती म्हणजे पाण्याचे वजन. दोन हजार लिटरचा मॉनिटर दर मिनिटाला दोन टन पाणी आत टाकतो. कपड्याचे गठ्ठे आणि कागदाचे रोल ते पिऊन जड होतात, कागदाचे रोल फुगतात आणि लोखंडी माळा किंवा उंच थप्पी त्या भाराने बसते. आग कमी झाली म्हणून लगेच आत जायचे नसते, ते यामुळे.

शेवटी दुसऱ्या दिवशीच्या धुराबद्दल. ज्वाळा बसल्या म्हणजे आग विझली असे नसते. दाबून बांधलेल्या कपड्याच्या गठ्ठ्यात पाणी बाहेरून दोन-चार इंच जाते आणि आत निखारा तसाच धुमसत राहतो. छताचे पत्रे आणि कैच्या मालावर पडून त्यांचे झाकण झालेले असते, त्याखालीही पाणी पोहोचत नाही. मग पोकलेन किंवा जेसीबी आणून एकेक थर उचलायचा, बाजूला पसरायचा, त्यावर पाणी मारायचे आणि पुढचा थर घ्यायचा, असे काम चालते. याला आम्ही कूलिंग म्हणतो, आणि मोठ्या गोदामात त्याला एक-दोन दिवस लागणे मुळीच नवलाचे नाही. या टप्प्यात धूर कमी दिसत असला तरी त्यात कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ असतो. म्हणून थकलेल्या जवानांनी मास्क काढून काम करू नये, याकडे अधिकाऱ्याला लक्ष द्यावे लागते, आणि रात्रभर राबलेली तुकडी बदलून ताजी आणावी लागते. आपल्या खिडकीतून दिसणारे, चार जवान आणि एक जेसीबी रेंगाळत काम करत असल्याचे दृश्य हे त्या कामाचे योग्य रूप होते.

आता आपल्या तक्रारीत जिथे तथ्य असू शकते, तिथेही बोलले पाहिजे. टँकर पहिल्या वर्दीबरोबरच निघाले का, घटनास्थळी सूत्रे एका अधिकाऱ्याच्या हाती होती की वेगवेगळ्या दलांच्या गाड्या आपापल्या परीने पाणी मारत होत्या, आणि गोदामाची पूर्वी कधी पाहणी झाली होती का, हे प्रश्न आपण जरूर विचारावेत. नागरिकांनी ते विचारले तर सेवेचे भलेच होते. मात्र त्याहून मोठा प्रश्न मालकाला विचारायचा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे, ज्या इमारतींना तो लागू होतो तिथे बसवलेली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे नमुना ‘ब’ मधील प्रमाणपत्र मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. छताला नीट आखलेले स्प्रिंकलर असतील तर आगीच्या नेमक्या वरचे काचेचे बल्ब, बहुधा ६८ अंशांना, फुटतात आणि बंब येण्याआधीच पहिल्या मिनिटांत पाणी सुरू होते. सगळे स्प्रिंकलर एकदम उघडून सारा माल भिजतो, ही समजूत चुकीची आहे. जिथे उष्णता पोहोचते तेवढेच उघडतात. वर सांगितलेला बारा टँकरचा हिशोब ज्या आगीला लागतो, ती आग चालू स्थितीतले स्प्रिंकलर बहुतेक वेळा लहान असतानाच रोखून धरतात. माल त्यांच्या तोंडाला भिडेल इतका उंच रचलेला नसावा, एवढे मात्र पाहावे लागते.

आपल्या सोसायटीपुरते बोलायचे तर तीन गोष्टी आजच करता येतील. भूमिगत टाकीतले आगीसाठी राखलेले पाणी खरोखर तिथे असते का आणि बंबाला ते ओढता येईल अशी जोडणी आहे का, हे पाहून घ्या. मागच्या फाटकासमोर गाड्या लावणे बंद करा आणि त्याची किल्ली रात्रीच्या रखवालदाराकडे ठेवा. आणि पुन्हा आग दिसली तर १०१ किंवा ११२ वर फोन करून ‘गोदाम पेटले आहे’ हे शब्द आधी सांगा. मग आत माणसे असण्याची शक्यता, माल कोणता, शेजारी काय आहे आणि मोठी गाडी कोणत्या रस्त्याने येऊ शकेल हे सांगा, आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊन झाल्याशिवाय फोन ठेवू नका. टाकीच्या जोडणीचे छायाचित्र पाठवलेत, तर ती बंबाला चालेल का हे मी पाहून सांगेन.